ऊर्वस्थी, खुबा आणि कंबर: हाडांना मराठीत नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक ताई गावांत वाटायच्या आरोग्यपत्रकांचं इंग्रजीतून मराठी करतात. फीमर (मांडीचं हाड), टिबिया (नडगीचं हाड), पॅटेला (गुडघ्याची वाटी) यांना कोशात ऊर्वस्थी, जंघास्थी, जान्वस्थी असे शब्द मिळाले. सासूबाईंना वाचून दाखवले, तर त्यांना एकही कळला नाही. त्या विचारतात, बरोबर शब्द कोणता, घरातला की कोशातला? आणि शरीरात हाडं २०६ की ३००, की आयुर्वेदात म्हणतात तशी ३६०?

मी २८ वर्षं तालुक्याच्या गावी हाडांचा दवाखाना चालवतो. शब्दकोशाचा अभ्यासक नाही, पण हे शब्द दिवसभर कानावर पडतात आणि चुकीचा शब्द किती महागात पडतो ते पाहिलंय. म्हणून जरा लांबण लावतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. सासूबाईंचे शब्द आणि कोशातले शब्द ही एकाच वस्तूची दोन नावं नाहीतच. कोशातला शब्द हाडाचं नाव सांगतो, घरातला शब्द जागेचं. तळहात ठेवून ‘इथं’ असं जिथं म्हणता येतं, तिथं मराठीत नाव आहे. हाताला लागत नाही, तिथं नाव नाही. नडगी आहे, कारण ती कातडीखाली लगेच लागते आणि खाटेच्या कडेवर आपटली की डोळ्यांपुढं काजवे चमकतात. तिच्या शेजारी उभं असलेलं बारीक हाड, म्हणजे फिब्युला, पोटरीच्या स्नायूंत बुडालेलं. त्याला घरात नावच नाही. त्याचं खालचं टोक मात्र बाहेरच्या घोट्याच्या रूपानं वर येतं. आतल्या बाजूचा उंचवटा नडगीच्या हाडाचा. म्हणजे ‘घोटा’ हा शब्द दोन वेगळ्या हाडांची टोकं एका पिशवीत घालतो, आणि रोजच्या बोलण्याला तेवढं पुरतं.

हात आणि पाय हे शब्दही असेच ऐसपैस. ‘पाय मोडला’ म्हणजे खुब्यापासून करंगळीपर्यंत काहीही. एकट्या पावलात २६ हाडं, मनगटासकट पंजात २७. चारही मिळून १०६, म्हणजे अर्ध्याहून जास्त सांगाडा हातापायांच्या टोकांना आहे, आणि त्यांच्यासाठी घरात शब्द किती? मनगट, पंजा, बोट, पेर, टाच, तळवा, चवडा. मनगटात आठ छोटी हाडं दोन ओळींत बसवलेली असतात, त्यांतल्या एकालाही बिचाऱ्याला घरातलं नाव नाही.

त्यांतलं एक फार त्रास देतं. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, दोन शिरांच्या (रक्ताच्या नव्हेत, स्नायूंच्या दोऱ्यांच्या) मधे खळगा पडतो. जुनी माणसं त्यात चिमूटभर तपकीर ठेवून ओढायची, म्हणून इंग्रजीतही त्याला तपकिरीच्या डबीचंच नाव आहे. त्या खळग्याच्या तळाशी नावेच्या आकाराचं हाड असतं, पुस्तकात नौकाकार अस्थी. पोरगं मोटारसायकलवरून हात टेकून पडतं, मनगट जरा सुजतं, पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा काहीच दिसत नाही, आणि घरचे म्हणतात ‘मुरगळलंय’. त्या डबीत बोट दाबल्यावर जर पोरगं हात मागे ओढत असेल, तर एक्स-रे काही म्हणो, मी प्लास्टर घालतो आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढतो. या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकानं मिळतं. मधोमध मोडलं तर मनगटाकडचा तुकडा उपाशी राहून मरू शकतो. पत्रकात तुम्ही ‘नौकाकार अस्थी’ लिहिलंत तर कोणाला काही कळणार नाही. ‘अंगठ्याच्या मुळाशी खळग्यात दाबल्यावर दुखलं तर’ असं लिहिलंत तर एखाद्याचं मनगट वाचेल.

आता कंबर. हा शब्द मला सगळ्यात धोकादायक वाटतो, आणि त्याचा धडा मी स्वतःच्या चुकीतून घेतलाय. व्यवसायाच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. रात्री फोन आला, “डॉक्टर, आई मोरीत घसरली, कंबरेला मार लागलाय.” मी विचारलं, पायाची बोटं हलतात का? हलतात म्हणाला. मग म्हटलं, सकाळी कंबरेचा एक्स-रे काढून घेऊन या. त्यानं इमानदारीत काढला, मणक्यांचा. मणके वयाच्या मानानं ठीक होते. आजी स्ट्रेचरवर होत्या. चादर बाजूला केली तर उजवा पाय डाव्यापेक्षा बोटभर आखूड आणि पाऊल बाहेरच्या अंगाला कललेलं. विचारलं, “आजी, कंबर कुठं दुखते?” त्यांनी हात ठेवला तो खुब्यावर. मांडीच्या हाडाची मान, म्हणजे खुब्याजवळचा बारीक भाग, मोडली होती. रात्रभर त्या माउलीला मोडलेल्या खुब्यानं दोन वेळा उठवून बसवलं होतं, कारण डॉक्टरांनी ‘कंबर’ ऐकली होती.

मराठीत कंबर म्हणजे परकराची नाडी बांधतो तिथपासून खाली बसतो तिथपर्यंतचा सगळा पट्टा. त्यात मणके आले, ओटीपोटाच्या कडेची हाडं आली, खुबाही आला. भरीला खुब्याचं दुखणं पुष्कळदा खुब्यात दुखतच नाही. ते जांघेत दुखतं, कधी थेट गुडघ्यात. लहान मूल लंगडतंय, गुडघा दुखतो म्हणतंय आणि गुडघ्यात काही सापडत नाही, अशा वेळी खुबा तपासल्याशिवाय सोडायचं नाही, हे आम्हाला शिकतानाच घोकून घेतलेलं असतं. तेव्हा पत्रकात ‘कंबरेचे फ्रॅक्चर’ असं कृपा करून लिहू नका. ‘खुब्याचं हाड मोडणं’ लिहा आणि पुढं एक ओळ जोडा: पडल्यावर पाय टेकवत नाही, पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेर वळलंय.

तुमच्या यादीतला जंघास्थी हा शब्द तर सापळाच आहे. संस्कृतात जंघा म्हणजे गुडघ्याखालचा पाय, म्हणून जंघास्थी म्हणजे नडगीचं हाड. बरोबर आहे. पण मराठी माणसाला जंघा वाचून आठवते जांघ, म्हणजे पोट आणि मांडी यांच्यामधली घडी. हिंदी बोलणाऱ्याची जांघ म्हणजे मांडी. एकच शब्द तीन मजल्यांवर राहतो. आमच्याकडं वीटभट्टीवर काम करणारे उत्तरेकडचे मजूर येतात. ते ‘जांघ में दर्द’ म्हणाले की नवीन नर्स जांघेत गाठ शोधायला लागते. त्यांचं कूल्हा म्हणजे खुबा, आपला कुल्ला म्हणजे बसायची जागा. इंजेक्शन कुठं द्यायचं यावरून झालेले विनोद सांगत बसत नाही.

मराठीच्या आतही हे आहे. ढोपर घ्या. कोकणात आणि गोव्याकडं ढोपर म्हणजे गुडघा. देशावर कित्येक घरांत ढोपर म्हणजे कोपर, म्हणून तर ढोपराला गूळ लावला की तो चाटता येत नाही. वऱ्हाडात गुडघ्याला टोंगळा म्हणतात. तुमचं पत्रक सावंतवाडीलाही जाणार आणि अकोल्यालाही, तर गुडघा आणि कोपर हे शब्द ठेवा. ढोपर गोड आहे, पण त्याला पत्रकात जागा नको.

टाळूचंही तेच. डोक्याचा माथा टाळू, बाळाच्या डोक्यावर तेल भरतो तो मऊ भाग टाळू, आणि तोंडातलं छतही टाळू. जुलाब झालेल्या बाळाची ‘टाळू खोल गेली’ हे आईला लगेच समजतं, तिथं दुसरा शब्द शोधूच नका. पण ‘दुभंगलेली टाळू’ असं नुसतं लिहिलंत तर ती घाबरून बाळाचं डोकं चाचपेल. तिथं ‘तोंडातली टाळू’ लिहा. मऊ जागा म्हणजे कवटीत काही कमी आहे असं नव्हे. कवटीची हाडं अजून एकमेकांना भिडायची असतात. समोरची फट साधारण दीड वर्षापर्यंत भरते.

मटणवाल्याचा शब्दकोश मात्र उत्तम आहे, आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाही. फरा, बरगडी, नळी, मगज. खांद्यामागच्या चपट्या हाडाला पुस्तकात अंसफलक म्हणतात. आमच्याकडचा शेतकरी ‘फऱ्यात चमक भरली’ म्हणतो आणि बोट बरोबर तिथंच ठेवतो. नळी म्हणजे आतून पोकळ लांब हाड, तिच्यात मगज, पुस्तकी भाषेत अस्थिमज्जा. सुश्रुतानं लांब हाडांना नलक म्हटलंय. लॅटिनमध्ये टिबिया म्हणजे बासरी. खाटीक, सुश्रुत आणि रोमन, तिघांनाही तीच नळी दिसली.

याच ओघात मला बरेच दिवस एक कोडं होतं. गळ्याखालचं ते आडवं हाड, कॉलर बोन, बोटांना सरळ लागतं, दुचाकीवरून पडणाऱ्यांत रोज मोडतं, तरी आमच्या पेशंटांकडं त्याला धड नाव कसं नाही? ‘गळ्याचं हाड’, ‘खांद्याचं पुढचं हाड’ असं काहीतरी जुळवून सांगतात. कोशात जत्रुक आहे, ते कोशातच राहिलं. माझा आपला तर्क असा, की शेळी-मेंढीला आणि गाईबैलाला हे हाड नसतंच. ज्यांच्या हाडांशी घरादाराचा रोजचा संबंध, त्यांच्यात ते दिसलं नाही, म्हणून नाव पडलं नाही. भाषेचे जाणकार हसतील, हसोत. पत्रकात ‘कॉलर बोन’ देवनागरीत लिहा, शाळकरी पोरांनाही कळतं.

गुडघ्याची वाटी हा शब्द तर मला लॅटिनपेक्षा आवडतो, आणि गंमत म्हणजे तो लॅटिनच आहे. पॅटेला म्हणजे छोटं पसरट ताट. सुश्रुतानं गुडघ्याचं हाड कपाल या गटात घातलं, म्हणजे खापर, कवटी, तीच वाटी. त्याच कपालापासून आपलं कपाळ आलं. तेव्हा जान्वस्थी सोडा, वाटी लिहा. फक्त एक सावधगिरी. गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनला लोक ‘वाटी बदलणं’ म्हणतात. त्यात वाटी पुष्कळदा आपली आपल्याच जागी राहते. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक घासून सपाट करून त्यावर धातूचं आवरण आणि मधे प्लास्टिकची चकती बसवतात. मग ऑपरेशननंतर नातेवाईक एक्स-रेत जुनी वाटी बघून विचारतात, “डॉक्टर, वाटी तर तीच दिसतेय, मग पैसे कशाचे घेतले?” हे मला तीनदा झालंय.

आता ज्या शब्दांवर दिवसातून दहा वेळा वाद होतो, ते.

“फ्रॅक्चर आहे का नुसता क्रॅक आहे?” क्रॅक म्हणजेच फ्रॅक्चर. केसाएवढी चीर असो की चुरा, हाड मोडलं ते मोडलं. चीर असली तर जागेवरून हललेलं नसतं, एवढाच दिलासा. पण ‘क्रॅकच आहे’ ऐकलं की माणूस तिसऱ्या दिवशी पट्टा काढून शेतात जातो आणि आठवड्यानं सरकलेलं हाड घेऊन परत येतो. म्हणून मी क्रॅक हा शब्द तोंडातूनच काढून टाकलाय. मराठीत यासाठी छान शब्द आहेत, ते वापरा. चीर गेली. पिचलं. मोडलं. चुरा झाला. लहान मुलाचं हाड ओल्या फांदीसारखं असतं, एका बाजूनं तडकतं आणि दुसऱ्या बाजूनं नुसतं वाकतं. इंग्रजी नावही ओल्या काडीवरूनच पडलंय. आपली आजी म्हणते ‘पिचलं’. तोच अर्थ.

‘सरकलं’ हा मात्र घातक शब्द आहे. सांधा निखळला तरी सरकलं, हाड मोडून हललं तरी सरकलं, लचक भरली तरी सरकलं. सुश्रुतानं सांधा सुटणं आणि हाड मोडणं हे दोन वेगळे विभागच केले होते, संधिमुक्त आणि कांडभग्न. पहिल्याचे सहा प्रकार, दुसऱ्याचे बारा. आपण सगळं एका शब्दात कोंबलं. परिणाम असा, की ‘हाड सरकलंय, बसवून घेऊ’ म्हणून पोराला आधी चोळायला नेतात. लहान मुलाचं कोपराच्या जरा वर हाड मोडलं असेल आणि वर घट्ट पट्टी बांधली, तर हाताचा रक्तपुरवठा तुटून पुढं पंजा कायमचा आखडतो. मी पाहिलेत असे हात. पत्रकात निखळणं, मोडणं आणि मुरगळणं हे तीन वेगळे शब्द ठेवा आणि ‘सरकणं’ कुठंही येऊ देऊ नका.

प्लास्टरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कच्चं प्लास्टर म्हणजे एका बाजूनं पट्टी ठेवून बांधलेलं, सूज असताना. पक्कं म्हणजे सगळीकडून गुंडाळलेलं. हे दोन शब्द कोशात नसतील, पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही दवाखान्यात चालतात. तसेच लिहा.

मणक्यांत दोन गोंधळ. ‘मणक्यात गॅप आलाय.’ गॅप येत नाही, असलेली जागा कमी होते. दोन मणक्यांच्या मधे गादी असते, ती सुकून चपटी झाली की वरचा मणका खालच्याच्या जवळ येतो. लोकांच्या डोळ्यांपुढं मात्र फट वाढल्याचं चित्र असतं, म्हणून ते ‘गॅप भरून येईल असं औषध द्या’ म्हणतात. दुसरा, ‘गादी सरकली’. गादी टेबलावरच्या पुस्तकासारखी घसरत नाही. तिच्या आतला मऊ गर बाहेरच्या कड्यातून फुगून बाहेर येतो आणि शेजारच्या नसेवर टेकतो. मणकाच खरोखर पुढं घसरणं हा वेगळा आजार आहे. रिपोर्टवर एल-४, एल-५ असतं त्यातलं एल म्हणजे कंबरेचे पाच मणके, वरून मोजलेले. सी म्हणजे मानेचे सात, डी किंवा टी म्हणजे छातीमागचे बारा. त्याखाली पाच मणके एकत्र जुळून झालेलं त्रिकास्थी आणि शेवटी माकडहाड, शेपटीचा उरलेला बुंधा. माकडहाड हा शब्द कोणी बदलू नये. कोशातलं अनुत्रिक त्याच्यापुढं अगदीच फिकं आहे.

आणि ‘झीज’. या एका शब्दानं कॅल्शियमच्या गोळ्यांचा धंदा चालतो, असं मी वैतागून म्हणतो. गुडघ्याची झीज म्हणजे हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण, कूर्चा, घासून जाणं. लोक त्याला ‘वंगण संपलं’ म्हणतात, चित्र वाईट नाही, पण संपतं ते ग्रीस नव्हे, बेअरिंगच झिजतं. हाडांची झीज म्हणजे हाड आतून विरळ, ठिसूळ होणं. पहिली दुखते. दुसरी मोडेपर्यंत अजिबात दुखत नाही. पहिलीला कॅल्शियमनं काही होत नाही. रिपोर्टवर दोन्हीकडं ‘झीज’ लिहिलं, की गुडघेदुखीची बाई वर्षभर कॅल्शियम खाते, आणि जिला खरंच ठिसूळपणा आहे ती ‘मला कुठं काय दुखतंय’ म्हणून औषध घेत नाही. तुम्ही गुडघ्यासाठी झीज आणि हाडासाठी ठिसूळ, असं काटेकोर ठेवलंत तर माझ्यासारख्यांची रोजची दहा मिनिटं वाचतील.

राहिला आकडा. मोठ्या माणसात २०६, हे खरं. जन्मलेल्या बाळात २७० ते ३००, कारण पुढं जुळणारे तुकडे तेव्हा सुटे असतात. सुश्रुत ३०० म्हणतो: हातापायांत १२०, धडात ११७, मानेपासून वर ६३. चरक ३६०. त्यांचं चुकलं असं घाईनं म्हणू नका. सुश्रुतानं दातांना रुचक म्हणून हाडांत धरलं, नाक-कानातल्या कुरकुरीत भागाला तरुण म्हणून धरलं. चरकानं दात, दातांच्या खोबणी आणि वीस नखंही मोजली. हाड कशाला म्हणायचं ही व्याख्याच वेगळी, तर बेरीज एक कशी येईल? आपल्या २०६ मध्येही तीळभर गोलमाल असतो. शिरांमध्ये तयार होणारी तिळाएवढी हाडं प्रत्येकाच्या हातापायांत सारखी नसतात, आणि ती सगळी यादीत धरलेली नाहीत. त्याच जातीतलं सगळ्यात मोठं हाड म्हणजे गुडघ्याची वाटी. तिला मात्र धरलंय.

शेवटचं, तुमच्या मसुद्याच्या मथळ्याबद्दल. ‘आपल्या अस्थींची काळजी घ्या’ असं लिहिलंय, ते बदला. डॉक्टरांच्या पाटीवर अस्थिरोगतज्ज्ञ चालतं, पण घरात अस्थी म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्याकडं एक शिकाऊ मुलगा होता, पुस्तकातलं मराठी बोलायची हौस. ऐंशीच्या आजींचा रिपोर्ट हातात घेऊन म्हणाला, “आजी, तुमच्या अस्थी फार कमकुवत झाल्यात.” आजींनी शांतपणे पदर सावरला आणि सुनेला म्हणाल्या, “बघ गं, नाशिकची गाडी कधी आहे ती.”